सोशल मीडियाला वयाची अट: त्यांचा कायदा, आपला कायदा आणि घरातला एकच मोबाईल

"असा कायदा आपल्याकडे कधी येणार?" ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची सोशल मीडियावरची खाती बंद करायला लावली, तेव्हापासून पालकसभेत, सोसायटीच्या ग्रुपवर, अगदी लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न हमखास निघतो. खरं तर आपल्याकडे कायदा झालेला आहे. २०२३ सालीच झाला. आणि त्यातली वयाची अट सोळा नाही, अठरा आहे.

त्याचं नाव डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. नावात 'मूल' नाही, 'सोशल मीडिया' नाही, त्यामुळे वकील आणि आयटीवाले सोडले तर फारसं कुणी तिकडे फिरकलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पण नियमांशिवाय कायदा चालत नाही, आणि ते नियम निघायला १३ नोव्हेंबर २०२५ उजाडला. त्यातही मुलांविषयीच्या तरतुदींसाठी कंपन्यांना दीड वर्षाची सवड दिली आहे. म्हणजे २०२७ च्या मेच्या आसपास त्या लागू होतील. तोवर कायदा आहे, अंमल नाही.

या दोन्ही कायद्यांना लोक सरसकट 'बंदी' म्हणतात. ते तितकंसं बरोबर नाही. ऑस्ट्रेलियाचा कायदा म्हणतो, सोळाच्या आतल्या मुलाचं खातं नको, आईवडिलांनी परवानगी दिली तरी नको. आपला म्हणतो, अठराच्या आतल्या मुलाची माहिती घ्यायची तर आधी आईवडिलांची पडताळलेली संमती आणा. आणि संमती मिळाली तरी मुलावर पाळत ठेवू नका, त्याच्यावर नेम धरून जाहिराती दाखवू नका. मला विचाराल तर हे शेवटचं वाक्य दोन्ही कायद्यांतलं सगळ्यात मोलाचं आहे, आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते. त्याकडे येऊच. आधी तेरा या आकड्याबद्दल.

तेरा कुठून आले?

इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट, कुठेही खातं उघडायला गेलात की जन्मतारीख विचारतात आणि तेराच्या आत असाल तर नाही म्हणतात. पुष्कळांना वाटतं, हा आकडा बालमानसशास्त्राने दिला असेल. तसं काही नाही. तो अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यातून आला. मुलांकडून नाव, पत्ता, आवडीनिवडी गोळा करून त्यावर धंदा करणाऱ्या वेबसाइटींना आवरायला तो कायदा केला होता. तेव्हा फेसबुक नव्हतं आणि गूगल नुकतंच जन्माला येत होतं. मूळ प्रस्तावात वय सोळा होतं, वाटाघाटीत घसरत ते तेरावर आलं. एका देशातली ती राजकीय तडजोड पुढे कंपन्यांनी जगभर नियम म्हणून लावली आणि आपल्याकडची पोरंही त्यात आली.

या अमेरिकी कायद्यात एक मेख होती. सगळ्यांसाठी असलेल्या वेबसाइटवर समोरचं मूल आहे हे कंपनीला प्रत्यक्ष ठाऊक असेल, तरच ती जबाबदार. मग ठाऊक करून घ्यायचंच कशाला? जन्मतारखेचं चक्र दाखवायचं, मूल जे साल निवडेल ते खरं मानायचं, आणि हात झटकायचे. अधूनमधून दंड झाले. २०१९ मध्ये यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले, कारण मुलांचे चॅनेल कोणते हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि त्याच जोरावर ते जाहिरातदारांकडे जात होते. पण ते चक्र काही गेलं नाही.

आपल्याकडे तर तेही मूल फिरवत नाही. नवा हँडसेट घेतला की मोबाईलच्या दुकानातला मुलगाच जीमेल काढून देतो. नाव विचारतो, नंबर विचारतो, जन्मतारीख विचारत बसत नाही. अंगठ्याने साल सरकवतो, जिथे थांबेल तिथे 'नेक्स्ट' दाबतो. त्या खात्यावर पुढे घरातलं शेंडेफळ यूट्यूब बघतं आणि गूगलच्या लेखी ते एकतीस वर्षांचं असतं.

ऑस्ट्रेलियाने नेमकं काय केलं

सुरुवात साउथ ऑस्ट्रेलिया राज्यातून झाली. तिथले प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, पीटर मालिनॉस्कस यांच्या पत्नीने स्मार्टफोन आणि मुलांची घसरलेली मनःस्थिती या विषयावरचं एक पुस्तक वाचलं आणि नवऱ्याला सांगितलं, याचं काहीतरी करा. त्यांनी ऑस्ट्रेलियाचे माजी सरन्यायाधीश रॉबर्ट फ्रेंच यांना कायद्याचा आराखडा करायला बसवलं. तिथून विषय पंतप्रधान अँथनी अल्बानीज यांच्या सरकारने उचलला. २१ नोव्हेंबर २०२४ ला विधेयक संसदेत आलं आणि महिना संपायच्या आत मंजूरही झालं. लोकांना मतं कळवायला दिला होता एक दिवस. तेवढ्यात सुमारे १५,००० निवेदनं आली. एवढ्या मोठ्या विषयाला एवढी घाई शोभत नाही, पण निवडणूक जवळ होती आणि विरोधी पक्षही बाजूने होता.

कायद्याचा गाभा छोटा आहे. सोळाच्या आतल्या मुलांना खातं ठेवता येऊ नये म्हणून कंपनीने 'वाजवी पावलं' उचलायची. नाही उचलली तर ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. मुलाला शिक्षा नाही, आईवडिलांना नाही. पकडायचं ते कंपनीला.

कोणत्या कंपन्या? फेसबुक, इन्स्टाग्राम, थ्रेड्स, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब, रेडिट, ट्विच आणि किक. यूट्यूबला आधी सूट होती, ती जुलै २०२५ मध्ये काढून घेतली. व्हॉट्सॲप, मेसेंजर, यूट्यूब किड्स, गूगल क्लासरूम, डिस्कॉर्ड, रोब्लॉक्स हे बाहेर राहिले, कारण त्यांचा मुख्य उपयोग निरोप, शिक्षण किंवा खेळ असा धरला गेला. बंदी खात्यावर आहे, बघण्यावर नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. लॉग-इन न करता पंधरा वर्षांचं मूल यूट्यूब बघू शकतं. गंमत अशी, की खातं असताना पालकांनी लावलेले निर्बंध खातं गेलं की तेही जातात. यूट्यूबने नेमका हाच मुद्दा सरकारपुढे ठेवला होता. मुद्दा त्यांच्या सोयीचा होता, पण खोटा नव्हता.

आता पालकांची परवानगी का चालत नाही? मला हा कायद्यातला सगळ्यात विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो. सातवीतल्या मुलीला इन्स्टा नको असं एका आईने ठरवलं तर काय होतं? वर्गाचा ग्रुप इन्स्टावर असतो. वाढदिवसाचा बेत तिथे ठरतो, सरांची नक्कल तिथे फिरते, कुणाचं कुणाशी बिनसलं ते तिथे कळतं. ही मुलगी सोमवारी शाळेत जाते आणि सगळे हसतात त्याचं कारण तिला ठाऊक नसतं. "सगळ्यांकडे आहे, मलाच नाही" हे वाक्य हट्टाचं असतं तसंच खरंही असतं. महिनाभरात आई नमते. आणि ती नमली की पुढच्या आईला नकार देणं आणखी जड जातं. प्रत्येक घराला एकट्याने न झेपणारी गोष्ट सगळ्यांनी एकाच दिवशी केली तर झेपते, असा या कायद्यामागचा हिशोब आहे. परवानगीची वाट ठेवली असती तर हा हिशोबच कोसळला असता.

विरोधही दणकट होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये १४० हून अधिक अभ्यासकांनी आणि तज्ज्ञांनी खुलं पत्र लिहून सरसकट बंदीला विरोध केला. फोन आणि किशोरवयीन मुलांची उदासी एकाच काळात वाढली म्हणून एकाने दुसरं झालं असं सिद्ध होत नाही, यावर संशोधकांमध्ये आजही खडाजंगी चालू आहे. शेकडो किलोमीटर पसरलेल्या पशुपालन केंद्रांवर राहणाऱ्या मुलांना, अपंग मुलांना सोबत मिळते ती ऑनलाइनच, हाही आक्षेप होता. दोन पंधरा वर्षांची मुलं आणि एक हक्क संघटना तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेली; पाठोपाठ रेडिटही गेलं. राजकीय मतं ऐकण्या-मांडण्याच्या स्वातंत्र्यावर हा घाला आहे, असं त्यांचं म्हणणं.

जानेवारी २०२६ मध्ये सरकारने जाहीर केलं, सुमारे ४७ लाख खाती बंद झाली. आकडा दांडगा आहे, पण तो खात्यांचा आहे, मुलांचा नाही. एकेका मुलाची चार-चार ठिकाणी खाती असतात आणि त्यातली काही धूळ खात पडलेली असतात. किती मुलं खरोखर बाहेर पडली हे त्यावरून कळत नाही. १० डिसेंबरच्या आधीच लेमन८, योप अशी फारशी माहीत नसलेली ॲप तिथल्या डाउनलोडच्या यादीत वर चढली होती, एवढं मात्र नक्की.

वय ओळखायचं कसं?

सगळ्या देशांचे कायदे इथेच येऊन अडतात, म्हणून जरा थांबून बघू.

महाराष्ट्रात कायद्याने दारू प्यायला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, बिअरला एकवीस. वर परवाना लागतो तो वेगळाच. दुकानदार चाळिशीच्या गिऱ्हाईकाला वय विचारत नाही. मिसरूड न फुटलेला पोरगा आला तर विचारतो, निदान विचारायला हवं. म्हणजे तपासणी फक्त संशय येईल त्याची. इंटरनेटवर ही सोय नाही. तिथे समोर माणूस नसतो, स्क्रीनवर टेकलेलं एक बोट असतं. त्यामुळे लहान कोण हे ठरवायचं तर मोठ्यांनाही रांगेत उभं करावं लागतं. मुलांसाठीचा कायदा म्हणता म्हणता तो सगळ्यांची ओळख मागणारा कायदा होतो, तो असा.

ओळख पटवण्याच्या ढोबळ तीन तऱ्हा आहेत. पहिली कागदाची: पासपोर्ट, वाहन परवाना, आपल्याकडे आधार. ही सगळ्यात पक्की आणि सगळ्यात धोक्याची. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डने कबूल केलं, की त्यांच्यासाठी काम करणाऱ्या बाहेरच्या कंपनीतून सुमारे ७०,००० लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो चोरांच्या हाती पडले असावेत. त्यातले बरेच वय सिद्ध करण्यासाठीच दिलेले होते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, जन्मतारीख आणि चेहरा कुठून बदलणार? ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने इथे दोन पथ्यं घातली आहेत: सरकारी ओळखपत्र हा एकमेव पर्याय ठेवायचा नाही, आणि वय तपासायला घेतलेली माहिती काम झाल्यावर नष्ट करायची.

दुसरी तऱ्हा चेहऱ्याची. कॅमेऱ्यापुढे सेल्फी घ्यायची, यंत्र वयाचा अंदाज बांधतं. पन्नाशीच्या माणसाला ते सोळाचा समजणार नाही, पण जिथे गरज आहे तिथेच, म्हणजे पंधरा-सोळा-सतराच्या पट्ट्यात, ते वर्ष-दोन वर्षांनी सहज चुकतं. पोरं तर पोरंच. मोठ्या भावाचा चेहरा पुढे करतात, कपाळाला आठ्या घालतात. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून अशी तपासणी सुरू झाली तेव्हा काही जणांनी व्हिडिओ गेममधल्या एका दाढीवाल्या पात्राचा चेहरा कॅमेऱ्यापुढे धरला आणि यंत्राने तो मान्य केला. त्याच आठवड्यात तिथे व्हीपीएनची ॲप डाउनलोडच्या यादीत सगळ्यात वर गेली. आपण दुसऱ्याच देशात आहोत असं भासवायला ती वापरतात, हे आपल्या दहावीतल्या पोरांना शिकवावं लागत नाही.

तिसरी तऱ्हा वागण्यावरून ताडण्याची, आणि ही मला सगळ्यात बोलकी वाटते. "हॅपी थर्टीन्थ बर्थडे" असा शेरा कुणी लिहिला, मित्र सगळे आठवीतले, दुपारी शाळेच्या वेळात शुकशुकाट आणि सुटल्यावर गजबज, तर खातं मुलाचं. उलट खातंच सोळा वर्षं जुनं असेल तर मालक सोळाच्या वरचा हे उघड आहे. कंपन्यांना हे येतं. कुणाला बुटांची जाहिरात दाखवायची हे कळण्यासाठी त्यांनी हीच विद्या वर्षानुवर्षं घोटली आहे. "वय कसं ओळखणार हो?" असं त्या म्हणतात तेव्हा ही गोष्ट आठवावी.

या तिन्हींपेक्षा बरा एक मार्ग हळूहळू रुजतो आहे. वय तपासणारा वेगळा आणि खातं देणारा वेगळा. ऑस्ट्रेलियात स्नॅपचॅटवर बँकेमार्फत वय सिद्ध करता येतं. तुमची कागदपत्रं बँकेकडे आधीपासूनच आहेत. ती स्नॅपचॅटला फक्त "हो, सोळाच्या वर आहे" एवढंच कळवते. नाव नाही, जन्मतारीख नाही. आपल्या नियमांमध्ये डिजिलॉकरसारख्या यंत्रणेकडून मिळणाऱ्या 'आभासी टोकन'चा उल्लेख आहे, तो याच जातीचा.

एवढं करूनही मुलं वाट काढतात, याचा जुना दाखला दक्षिण कोरियाचा. २०११ पासून तिथे सोळाच्या आतल्या मुलांना मध्यरात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम खेळायला बंदी होती. कॉम्प्युटरवरचा खेळ बाराच्या ठोक्याला बंद पडायचा म्हणून लोक त्याला 'सिंड्रेला कायदा' म्हणत. कोरियात प्रत्येकाला आधारसारखा नोंदणी क्रमांक असतो, त्यामुळे वय तपासणं सोपं होतं. मुलांनी आईबाबांचे क्रमांक टाकले. शिवाय मोबाईलवरचे खेळ कायद्याच्या बाहेर होते, मुलं तिकडे वळली. २०२१ मध्ये सरकारने तो कायदा मागे घेण्याचं जाहीर केलं.

आपल्या कायद्यात काय आहे

अठरा हे वय आपण का धरलं? करार करायला माणूस सज्ञान लागतो आणि आपल्याकडे सज्ञान म्हणजे अठरा, हा १८७५ पासूनचा हिशोब आहे. डेटा संरक्षण कायद्याचा पहिला मसुदा करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात अठराच ठेवलं, पण मुलाच्या वाढीच्या दृष्टीने हे वय जास्त वाटू शकतं, हेही नोंदवलं. युरोपात सोळा आहे आणि देशांना ते तेरापर्यंत खाली आणायची मुभा आहे. आपल्याकडे सतरा वर्षांची, बारावीची सीईटी देणारी मुलगी आणि सहा वर्षांचं बाळ कायद्यासाठी एकसारखंच. एखादी कंपनी मुलांची माहिती सुरक्षितपणे हाताळते अशी सरकारची खात्री पटली तर तिच्यापुरतं वय खाली आणता येईल, एवढी फट कायद्यात ठेवली आहे.

शिवाय हा कायदा फक्त सोशल मीडियाचा नाही. ऑस्ट्रेलियाने दहा नावं काढली. आपल्याकडे माहिती घेणारा प्रत्येक जण त्यात येतो. क्लासचं ॲप, गेम, कपडे विकणारी साइट, व्हॉट्सॲप. शाळा, दवाखाने, पाळणाघरं, मुलांची ने-आण करणाऱ्या बस यांना त्यांच्या कामापुरती सूट आहे. नियम मोडला तर कंपनीला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड.

आता संमतीचं बघू. नियमांमध्ये ती कशी घ्यायची हे उदाहरणं देऊन सांगितलं आहे. पहिल्याच उदाहरणाची सुरुवात काय? मूल कंपनीला सांगतं, की मी मूल आहे. मग कंपनी पालकाला गाठते, पालक आपली ओळख आणि वय पटवतो, वगैरे. सगळी इमारत त्या पहिल्या वाक्यावर उभी आहे. मुलाने ते सांगितलंच नाही आणि पालकही आपणहून पुढे आला नाही तर काय, याला उदाहरण नाही.

समजा सांगितलं. तरी घरात काय होणार? 'असर' या शालेय शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यातल्या ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात सोशल मीडिया वापरला होता; अभ्यासासाठी फोन वापरणारे होते ५७ टक्के. स्वतःचा फोन मात्र या मुलांमधल्या थोड्यांकडेच. चौदाव्या वर्षी जेमतेम चारातल्या एकाकडे. बाकीचे घरातला फोन वापरतात. म्हणजे संमतीचा ओटीपी ज्या फोनवर येणार तो त्या क्षणी मुलाच्याच हातात असणार. आणि कितीतरी घरांत आईवडिलांना डिजिलॉकर उघडून देणारंही तेच मूल असतं. ते स्वतःच स्वतःला परवानगी देईल. या कायद्यात दुसऱ्याचं सोंग घेऊन माहिती देऊ नये असं कर्तव्य सामान्य माणसावरही टाकलं आहे आणि ते मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एखाद्या पोराला तो होईल असं मला वाटत नाही, पण ऑस्ट्रेलियाने मुलांना मुद्दाम शिक्षेबाहेर ठेवलं आणि आपल्याकडे तसं कुणी स्पष्ट लिहिलेलं नाही, एवढा फरक आहे.

पालक कोण, हाही प्रश्नच. कायदा म्हणतो आईवडील किंवा कायदेशीर पालक. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून हजारो जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलं मागे राहतात, आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात. पाच-सहा महिने जी आजी पोराला जेवू घालते, शाळेत पाठवते, ती कायदेशीर पालक नाही. संमती द्यायची कुणी? फडावरच्या बापाने?

हे सगळं असूनही मी या कायद्याला नावं ठेवणार नाही, ते त्याच्या कलम ९ मुळे. मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं, त्यांच्यावर नेमलेल्या जाहिराती दाखवणं, तिन्हींना मनाई. पालकाने होकार दिला तरी मनाई. याचा शब्दशः अर्थ लावून बघा. एक रील संपला की पुढचा कोणता येतो? मागच्या पन्नासांपैकी कोणत्यावर बोट किती वेळ थबकलं ते मोजून. ती वागण्यावरची पाळतच झाली. सरकारने आणि नव्या डेटा संरक्षण मंडळाने हा अर्थ धरून ठेवला, तर अठराच्या आतल्या मुलांना आज दिसते तशी रील्सची माळ दाखवताच येणार नाही. मूल इन्स्टावर असेल, मैत्रिणींशी बोलेल, फोटो टाकेल, पण रात्री एक वाजेपर्यंत खिळवून ठेवणारं यंत्र बंद असेल. माझ्या मते हे ऑस्ट्रेलियाच्या बंदीपेक्षा मोठं पाऊल ठरेल. कंपन्यांना हे ठाऊक आहे, म्हणून खरी ओढाताण 'पाळत' कशाला म्हणायचं यावर होईल. वर्तमानपत्रात ती पहिल्या पानावर येणार नाही.

अशा कायद्याने फरक पडतो का? ब्रिटनने मुलांना शोभेल अशी रचना करायला लावणारी संहिता सप्टेंबर २०२१ पासून लागू केली. त्याच सुमारास यूट्यूबने अठराच्या आतल्यांसाठी एकामागून एक व्हिडिओ आपोआप सुरू होणं बंद केलं, टिकटॉकने रात्री मुलांना सूचना पाठवणं थांबवलं, इन्स्टाग्रामने नव्या लहान वापरकर्त्यांची खाती आपोआप खाजगी केली. कुणाला हाकललं नाही. न्यूयॉर्क राज्याने २०२४ मध्ये असाच रस्ता धरला: अठराच्या आत असाल तर व्यसन लावणारी फीड पालकांच्या परवानगीशिवाय नाही. अमेरिकेतल्या इतर काही राज्यांचे खात्याला वयाची अट घालणारे कायदे मात्र अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर कोर्टात अडकले.

गोवा, आंध्र आणि सांगलीतला भोंगा

तेराच्या आतल्या मुलांवर बंदी घाला अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने ती ऐकायला नकार दिला. हा धोरणाचा विषय आहे, संसदेकडे जा, असं सांगितलं. जानेवारी २०२६ मध्ये गोव्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे म्हणाले, ऑस्ट्रेलियासारखी सोळाची अट आणता येईल का ते आम्ही तपासतोय. आंध्रचे मंत्री नारा लोकेशही तेच बोलले. बोलायला हरकत नाही, पण राज्याचा हात इथे फारसा पोचत नाही. दळणवळणाची साधनं घटनेच्या केंद्रीय सूचीत आहेत आणि माहिती तंत्रज्ञान कायदाही केंद्राचा आहे. पणजीतून सरकारी शाळेत फोनबंदी करता येईल. इन्स्टाग्रामला खाती बंद करायला लावणं अवघड.

गावाचा हात मात्र कधीकधी पोचतो. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. वाजला की घराघरांतला टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. मुलं अभ्यासाला बसायची. साडेआठला पुन्हा भोंगा. मोठ्यांनाही तोच नियम. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने अठराच्या आतल्यांना मोबाईलच बंद असा ठराव केला. दोन्हींत मला वडगावची युक्ती जास्त शहाणपणाची वाटते. तिथे कुणाचं वय तपासावं लागत नाही, कुणाचं आधार लागत नाही, आणि "सगळ्यांकडे आहे, मलाच नाही" ही तक्रार दीड तासापुरती निकालात निघते. शहरातल्या सोसायटीत हे चालेल का, हा भाग वेगळा. तिथे भोंग्याविरुद्धच तक्रार जाईल.

तोवर घरात काय करायचं?

एक काम आत्ताच करता येण्याजोगं आहे, आणि ते जन्मतारखेचं. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतात किशोरवयीनांसाठी वेगळी खाती आणली: आपोआप खाजगी, अनोळखी माणसाचा मेसेज नाही, रात्री सूचना बंद, आणि सोळाच्या आत असाल तर यातलं काही सैल करायला पालकांची परवानगी. यूट्यूबचंही तसंच काहीसं आहे. उद्या कलम ९ लागू होईल तेव्हा कंपनी आधी बघणार आहे ते खात्यावरचं साल. ते जर १९९४ असेल, तर तुमच्या मुलाला आजच्या सोयीही मिळत नाहीत आणि उद्याच्याही मिळायला अडचण येणार.

गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये 'पर्सनल इन्फो' मध्ये जाऊन तारीख बघा आणि चुकीची असेल तर खरी टाका. फक्त मूल तेराच्या आत असेल तर गूगल ते खातं पालकाच्या देखरेखीखाली आणायला सांगतं आणि न आणल्यास बंद करतं. म्हणून तारखेला हात लावायच्या आधी त्यातले फोटो आणि शाळेच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या.